गल्ल्यातली सगळी रक्कम आपली नसते

स्टेशनरीचे दुकान सुरू केल्यावर पहिली काही वर्षे ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी मी विक्रीच्या पैशांतच मिसळत असे आणि विवरणपत्राची तारीख जवळ आली की उसनवारीला निघत असे. आता ती रक्कम दर शनिवारी वेगळ्या खात्यात जाते. प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेत रोख विक्रीच्या किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरला जातो, म्हणून काउंटरवरचा क्यूआर कोड निव्वळ सोयीचा नाही. मात्र पाच वर्षे पूर्ण होण्याआधी योजना सोडल्यास पुढील पाच वर्षे तिच्यात परतता येत नाही (मला हे उशिरा कळले). आगाऊ कर लागू असल्यास या योजनेत तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावा लागतो.