स्वस्त पीसीबीच्या शोधात: सातपूर, अंबड, सिन्नर

दोन बाजूंचा पीसीबी (दोन्ही बाजूंना तांब्याच्या रेषा असलेली सर्किटची पाटी) नाशिकच्या अंबडला चौरस सेंटिमीटरच्या भावाने स्वस्तात मिळतो, असे ज्यांनी मला सांगितले त्यांनी भाव ऐकला होता, बिल पाहिले नव्हते. द्राक्षबागेतील पंपाच्या स्टार्टरचे कंट्रोल कार्ड करून घ्यायचे होते. गर्बर फाइल (पाटीच्या थरांचा नकाशा) आणि मल्टिमीटर सोबत होतेच. ज्याच्याकडे ही दोन्ही नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये.

सातपूरला एका बाजूचे कार्ड वेळेत आणि स्वच्छ मिळाले. अंबडला मात्र तोंडी भावात केवळ क्षेत्रफळ धरलेले निघाले. तांब्याच्या दोन, सोल्डर मास्कच्या (तांबे झाकणाऱ्या थराच्या) दोन आणि अक्षरांची एक अशा नक्षी उतरवायच्या पाच फिल्म, त्या प्रत्येकीची आकारणी निराळी, ड्रिलिंगची निराळी आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. थोड्या नगांच्या नमुन्याला हा वरखर्चच इतका होतो की मूळ भावात घासाघीस करण्यात काही अर्थ उरत नाही.

तेही सोसले असते. पण ‘बीबीटी करूनच देतो’ (म्हणजे भाग बसवण्याआधी कोऱ्या पाटीची विद्युत चाचणी) असे सांगून दिलेल्या मालातील काही व्हाया (दोन बाजू जोडणारी, आतून तांबे चढवलेली भोके) सोल्डरिंगपूर्वी मल्टिमीटरवर वाजत होत्या आणि नंतर मुक्या झाल्या, म्हणजे जोड तुटला. एफआर-४ (पाटीचे काच-इपॉक्सीचे साहित्य) तापल्यावर जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा पुष्कळ जास्त फुगते आणि भोकातील तांब्याचा थर पातळ असला की तो तिथेच तडकतो. मालकांचे उत्तर तयार होते: “साहेब, तुमचं आयर्न जास्त तापलं असेल.”

तेव्हा पृष्ठभागावर ३५ मायक्रॉन तांबे आहे एवढ्यावर समाधान मानू नका. भोकात किमान २० मायक्रॉन मिळेल असे लेखी घ्या, प्लेटिंग (भोकात तांबे चढवणे) त्याच गाळ्यात होते की बाहेरून करून आणतात हे विचारा, आणि एक नग भोकावरून कापून, कड घासून भिंगाखाली पाहा.

मोहदरी घाट ओलांडून भर उन्हात सिन्नरला गेलो, तर तिथे पूर्ण पॅनेलपेक्षा (अनेक नग निघणाऱ्या अखंड पत्र्यापेक्षा) कमी काम घेत नाहीत. आधी फोन करा. चीनमधून मागवायचे असेल, तर वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवूनच तुलना करावी. लिंक रोडच्या खड्ड्यांनी माझा स्वर कडवट झाला असेल, तरी निकाल तोच: एका बाजूसाठी सातपूर उत्तम, दोन बाजूंसाठी भोक कापून दाखवणाराच कारखानदार निवडा. फिल्मचे पैसे भरल्यावर त्या ताब्यात घ्या, कारण ‘आमच्याकडेच राहू द्या’ म्हणणाऱ्याने पुढच्या ऑर्डरीच्या कोटेशनमध्ये त्या पुन्हा लावल्या होत्या.