दोन काळ्या रिंगा

रविवारी सकाळी वाचनालयाच्या तात्यांचा फोन. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूचं गाव, तिथं महिन्यातनं एकदा व्याख्यान असतं आणि लॉकडाऊनपास्नं ते ऑनलाइन पण दाखवतात, कारण गावची निम्मी पोरं पुण्यात आणि खरं ऐकणारी तीच. 4 वाजता व्याख्यान आणि माइक बंद. म्हणजे हॉलमध्ये चालू, कॉम्प्युटरमधनं पुढं जात नाही. "आमच्याकडं लख्ख ऐकू यायलंय की, पुण्यावाल्यांचंच कायतर बिघडलंय." सगळ्यांचं एकाच वेळी कसं बिघडेल म्हटलं तर म्हणाले, नेटवर्क. आपल्याकडं कशालाही नेटवर्क हे उत्तर चालतं.

दुकान रविवारी बंद असतं, पण तात्यांना नाही म्हणता येत नाही, गाडी काढली. बेळगावात कॉम्प्युटर रिपेरी करायला लागून मला 14 वर्षं झाली आणि माइक म्हटलं की 10 पैकी 8 वेळा सेटिंग असतं, हे मी झोपेत पण सांगेन. विंडोज 10 मध्ये प्रायव्हसीत माइकचं एक बटण असतं, ते कुणीतरी बंद केलेलं असतं नाहीतर अपडेटनंतर डिफॉल्ट डिव्हाइस बदललेलं असतं, म्हणजे तुम्ही बोलताय टेबलावरच्या माइकमध्ये आणि कॉम्प्युटर ऐकतोय वेबकॅमचं. नाहीतर मग लोक मोबाइलचा इयरफोन आणून गुलाबी भोकात खुपसतात. त्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात, कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकाला ती पिन कळतच नाही, मधे 100-150 रुपयाचा स्प्लिटर लागतो. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल.

वाचनालयाचं मशीन एका शाळेकडनं आलेलं, विंडोज सगळं कन्नडमध्ये. मला वाचता येतं, आपल्यातल्या बहुतेकांना येतं, पण साउंडचे ते शब्द कन्नडमध्ये कुणीच बोलत नाही त्यामुळं तिथं बोट अडखळतं. म्हणून मी मेनूत जातच नाही, विंडोजचं बटण आणि आर दाबून mmsys.cpl टाइप करायचं (माफ करा, एमएमएसवायएस डॉट सीपीएल), कुठल्याही भाषेच्या विंडोजमध्ये तीच खिडकी उघडते, दुसरा टॅब रेकॉर्डिंगचा. उघडली. लाइन-इन (हॉलच्या माइकचा आवाज मिक्सर नावाच्या साउंडच्या मशीनमधनं केबलनं जिथं येतो ते निळं भोक) डिफॉल्ट, हिरवी खूण आहे, कुणीतरी माइकवर "हॅलो, चेक" म्हणालं तर पट्ट्या वर खाली नाचायल्यात. प्रायव्हसी चालू. मीटिंगमध्ये लाइन-इनच निवडलेलं. म्हणजे सगळं बरोबर, आणि माझ्याच मोबाइलवरनं मीटिंगला जॉइन झालो तर शांतता. अगदी कान लावला तर लांबनं कुजबुज.

इथं मी चुकलो. साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, काढला, परत टाकला, रीस्टार्ट. मग दुसरा ड्रायव्हर. तिथलं नेट म्हणजे काय सांगू, 1 तास त्यातच गेला. सुचत नाही तेव्हा आम्ही ड्रायव्हर टाकतो, गिऱ्हाइकाला वाटतं काम चाललंय. मागं माइकवाला उभा होता, मी विचारायच्या आधीच सांगायला लागला, "केबल बघू नका, केबल कालच नवीन आणली, भारीतली आहे." जुनी उंदरानं कुरतडली होती.

शेवटी हेडफोन घातला आणि लाइन-इनचा आवाज थेट ऐकला. येत होता. पण पोकळ. विहिरीतनं कुणीतरी बोलावं तसा, डोक्याच्या मधे न बसता दोन्ही कानांच्या बाहेर पसरलेला. आणि तो आवाज मी आधी ऐकला होता. कुठं ते लगेच आठवलं नाही, आठवलं तेव्हा हात थांबला, ते पुढं सांगतो.

ऑडॅसिटी म्हणून आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात 10 सेकंद रेकॉर्ड केलं आणि झूम करून बघितलं. डाव्या चॅनेलची लाट जिथं वर, उजव्याची बरोबर तिथंच खाली, आरशात बघितल्यागत. मग डोक्यात उजेड पडला. मिक्सरचं मेन आउट, म्हणजे आवाज बाहेर पडायचं भोक, बॅलन्स्ड असतं, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन तारा, एक सुलटी एक उलटी, लांब केबलमधली घरघर पुढच्या मशीननं वजाबाकी करून काढावी म्हणून. पण कॉम्प्युटरच्या निळ्या भोकाला हे माहीत नाही, त्याला पिनेचं टोक म्हणजे डावा आणि दोन काळ्या रिंगांमधला धातूचा पट्टा (त्याला पण रिंगच म्हणतात) म्हणजे उजवा. दोन्ही कानांत वेगवेगळं ऐकलं तर आवाज येतो. मीटिंगचं अ‍ॅप दोन्ही चॅनेल मिळवून एकच करतं, सुलटा अधिक उलटा, बेरीज शून्य. जी कुजबुज उरते ती अ‍ॅपचं नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट काढणारी सोय, खाऊन टाकतं.

जुनी केबल मोनो होती, पिनेवर एकच काळी रिंग, म्हणून इतकी वर्षं चाललं. नवीवर दोन. माइकवाला खोटं बोलत नव्हता, केबल भारीच होती, भारी होती म्हणूनच उलटी तार पण इमानदारीत पोचवत होती.

खात्रीसाठी लाइन-इनच्या प्रॉपर्टीत तिसऱ्या टॅबवर बॅलन्स उघडला, उजवा शून्य केला. माझ्या खिशातला मोबाइल एकदम बोलायला लागला, "आता आलं, आता आलं," पुण्यातनं कोणतरी. तात्या म्हणाले, "बघा, त्यांच्याकडचं झालं दुरुस्त."

नुसत्या बॅलन्सवर सोडून चालत नाही, परत कुणीतरी हात लावणार. केबल कापली. (माइकवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं.) मिक्सरकडच्या मोठ्या पिनेच्या टोकाची तार कॉम्प्युटरकडच्या छोट्या पिनेच्या टोकाला आणि रिंगेला दोन्हीकडं डाग दिला, उलटी तार टेप लावून तशीच सोडली, शिल्डला (तारांभोवतीच्या जाळीला) शिल्ड. ती उलटी तार ग्राउंडला जोडू नये, काही मिक्सरच्या आउटपुटला ते मानवत नाही. 20 मिनिटांचं काम. व्याख्यान वेळेत सुरू झालं, 300 रुपये दिले, वर चहा आणि कुंदा.

आता तो आवाज. दोनेक वर्षांमागं शहापुरातले हार्मोनियमचे क्लास घेणारे सर आले होते, ऑनलाइन पोरांना आवाज जात नाही म्हणून. अख्खं मशीन रिक्षातनं आणलेलं, स्टेजचा माइक, केबल सगळं. गणपतीच्या आधीचा आठवडा, दुकानात ही गर्दी. मीटर हलत होतं, हेडफोनमध्ये आवाज पोकळ, मी म्हटलं साउंडची चिप गेली. दुसरा माइक लावून बघायला 1 मिनिट लागलं असतं. यूएसबीचं साउंड कार्ड 350 ला दिलं, लावल्या लावल्या चालू झालं, आणि तिथंच मी फसलो, कारण चालू झालं म्हणजे माझं निदान बरोबर असंच मी धरलं. स्टेजच्या माइकची केबल पण तसलीच, एक तार सुलटी एक उलटी, आणि ते कार्ड मोनो, फक्त टोकाची तार घेत असणार, म्हणून चाललं. वर सल्ला पण दिला, सर, बोर्डाचं आता काय खरं नाही. सहा महिन्यांत सरांनी नवीन मशीन घेतलं, माझ्याकडनंच, आणि जुनं मी 1,500 ला एक्स्चेंजमध्ये धरलं.

ते जुनं माझ्या दुकानात बिलाला आहे. त्याला स्पीकर, माइक कधी लावलाच नाही, चिप गेलेलीच म्हणून. रविवारी गावातनं येताना घरी न जाता दुकानाचं शटर अर्धं उघडलं, 200 रुपयाचा साधा माइक गुलाबी भोकात लावला आणि हॅलो म्हटलं. स्वच्छ. कसला पोकळ नाही, काही नाही.

बायको म्हणते सांगू नका, ते विसरले पण असतील, नवीन मशीनवर खूश आहेत. मुलगा म्हणतो फरकाचे पैसे द्या. फरक कसला काढायचा हेच मला कळत नाही, 350 चा, का आख्ख्या मशीनचा? शनिवारी सरांचा प्रिंटर सर्व्हिसला येणाराय.