पोहोइकी: लाव्हा सत्तर मीटरवर थांबला, पण...

हवाईच्या बिग आयलंडवर ज्वालामुखी बघायला येणारे बहुतेक लोक नॅशनल पार्क उरकून परत फिरतात. आम्ही मात्र वाट वाकडी करून पुना नावाच्या भागाच्या किनाऱ्यावर, पोहोइकीच्या आयझॅक हेल पार्कला गेलो.

पाहोआ मागे पडलं की समुद्राकाठचा अरुंद १३७ नंबरचा रस्ता लागतो. मॅकेंझी पार्कपाशी चक्क सुरूचं बन! हर्णै-मुरूडला आल्यासारखंच वाटलं. पोहोइकीला मात्र रस्ता खुंटला. पुढे सगळा काळा खडक.

३ मे २०१८ ला लेलानी इस्टेट्स या वसाहतीत जमीन फाटली. एकामागून एक २४ भेगा पडल्या, त्यातली आठवी सगळ्यांत दांडगी. तिच्या लाव्हाने कपोहोचा उपसागर बुजवला, ग्रीन लेकचं पाणी काही तासांत उकळून उडालं, अहालानुईचं ऊन पाण्याचं कुंड गाडलं गेलं. ७०० हून जास्त घरं गेली. ऑगस्टमध्ये लाव्हाचा जोर ओसरला तेव्हा तो इथल्या बोटींच्या धक्क्यापासून जेमतेम ७० मीटरवर होता.

धक्का वाचला, पण वाचून उपयोग काय? धगधगता लाव्हा समुद्रात पडला की त्याच्या ठिकऱ्या उडून काचेसारखी काळी वाळू होते. समुद्राच्या प्रवाहाने ती वाळू इथे आणून टाकली आणि धक्क्याचं तोंडच बंद केलं. २०२३ मध्ये आम्ही गेलो तेव्हा काँक्रीटचा उतार सरळ एका डबक्यात उतरत होता. पलीकडे वाळूचा बांध, त्यापलीकडे समुद्र. तेव्हा मासेमारीच्या बोटी ट्रेलरवर लादून थेट हिलो शहराला न्याव्या लागत होत्या, असं तिथे भेटलेल्या एका म्हाताऱ्या अंकलनी सांगितलं. (इथे वडीलधाऱ्या माणसाला सगळेच अंकल म्हणतात.) बोलण्यात राग नव्हता, डिझेलच्या भावाची तक्रार मात्र होती.

पार्क डिसेंबर २०१८ मध्येच पुन्हा उघडलं, आणि आता गर्दी असते ती त्याच वाळूसाठी. मूठभर उचलली तर दाणे उन्हात चमचमतात, अनवाणी चाललं तर टोचतात. कुणीकुणी नारळ रोवलेत, त्यांना हिरवे कोंब फुटलेत. बांधामागे ऊन पाण्याची डबकी तयार झालीत. जमिनीखालची धग अजून आहे. लोक त्यात तासन्‌तास डुंबतात. अंगावर जखम असेल तर उतरू नका, कारण पाणी साचलेलं असतं. समुद्रात तर आम्ही पायही घातला नाही, ओढ जबरदस्त आहे.

सह्याद्रीत आपण ज्या कातळावर चढतो तोही भेगांमधून वाहून आलेला बेसॉल्टच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला खडक माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिला हे सांगितलं तर तिने आधी विचारलं, "मग याला ताई म्हणायला शिकवू?"