तुम्ही विचारलंत म्हणून : ताऱ्यांपर्यंत टेप कोणी नेली?

"पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्यांशी तुम्ही हुज्जत कशाला घालता? ते थोडेच ऐकणार आहेत?" असं मला सारखं विचारलं जातं.

काही ऐकतात. न ऐकण्यात कधी कधी आपलाही हात असतो, कारण गोल पृथ्वीवाले पुष्कळदा अर्धाच पुरावा पुढे करतात. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचंच घ्या. इजिप्तच्या दक्षिणेतल्या सायीनीत सूर्य डोक्यावर असताना उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात उभ्या काठीच्या सावलीचा कोन 7.2 अंश भरला, त्यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. एवढं सांगून आपण जिंकल्यासारखे बघतो. समोरचा म्हणतो, "जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी सावली अशीच पडेल." बरोबर आहे त्याचं! दोन गावांत 800 किमी अंतर धरा, सूर्य 6,300 किमी उंचीवर टांगा, हिशेब चोख जुळतो. एराटोस्थेनिसने गोलपणा गृहीत धरून माप काढलं होतं, गोलपणा सिद्ध केला नव्हता.

म्हणून मी तिसरी काठी मागतो. सूर्य डोक्यावर असलेल्या जागेपासून सरळ उत्तरेला 5,000 किमीवर काठी रोवली, तर भर दुपारी सावलीचा कोन 45 अंश येतो. सपाट जमिनीच्या हिशेबाने सूर्य आता 5,000 किमीवर आला. आणखी पुढे, 6,660 किमीवर, कोन 60 अंश. म्हणजे सूर्य 3,850 किमीवर. एकाच दुपारी एकच सूर्य तीन उंचींवर! गोल पृथ्वीच्या हिशेबात मात्र 6,370 किमीची एकच त्रिज्या सगळ्या काठ्यांना पुरते. हे गणित मी स्वतः करून दाखवत नाही. कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात देतो. स्वतः काढलेल्या आकड्याशी भांडणं जरा जड जातं.

ताऱ्यांच्या अंतरावर शंका घेणारा मला जास्त आवडतो. "तिथवर टेप कोणी नेली?" हा प्रश्न मूर्खपणाचा नाहीच. सोळाव्या शतकातला टायको ब्राहेसारखा कसलेला आकाशनिरीक्षकसुद्धा इथेच अडला होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात थोडे तरी सरकलेले दिसायला हवेत, आणि त्याला ते दिसले नाहीत. मग एक तर पृथ्वी स्थिर, नाहीतर तारे कल्पनेबाहेर लांब. त्याने पहिला पर्याय निवडला. तर्क बिनचूक होता. तेवढं बारीक मोजणारं उपकरण नव्हतं. 1838 साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचं सरकणं पकडलं. अंशाचे 3,600 भाग केले तर त्यातल्या एकाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी! त्यावरून आज अंतर निघतं सुमारे 11 प्रकाशवर्षं. इथे टेप म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, जवळपास 30 कोटी किमी.

हे फार बारीक वाटतं, "उपकरणाची चूक असेल" म्हणायला वाव राहतो. मग मी 2020 सालचे फोटो दाखवतो. नासाचं न्यू होरायझन्स यान तेव्हा सुमारे 7 अब्ज किमीवर होतं. त्याने टिपलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी (सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा) आणि पृथ्वीवरून टिपलेला प्रॉक्झिमा शेजारी ठेवले की तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला नुसत्या डोळ्यांना कळतो. "फोटो बनावट आहेत," असं उत्तर आलं की मी एवढंच विचारतो, "काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?" उत्तर "काहीच नाही" असेल तर मी चर्चा थांबवतो.

आणि हो, पैज का लावत नाही, हेही काहीजण विचारतात. 1870 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड नावाच्या कालव्यावर पाण्याचा फुगवटा दाखवून 500 पौंडांची पैज जिंकली. हरलेल्या हॅम्पडेन नावाच्या सपाट पृथ्वीवाल्याने वर्षानुवर्षं बदनामीची पत्रं लिहून त्याला हैराण केलं, तुरुंगात गेला तरी थांबला नाही. शेवटी पैजच कायद्यात बसत नाही म्हणून वॉलेसला रक्कम परत करावी लागली, वर वकिलांचा खर्च झाला तो वेगळाच.