तुम्ही विचारलंत म्हणून: झुल्याची कडी

घरी येणारा जवळपास प्रत्येक जण वर तुळईकडे बघतो आणि विचारतो, ‘हुक नाही, साखळी नाही, नुसत्या पट्ट्यावर रात्रभर झोपता? भीती नाही वाटत?’ वर तुळईला पट्ट्याची दोन कडी आहेत, त्यांतच झुला टांगलाय. त्यांना फास म्हणू नका. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो शब्द घरात उच्चारवत नाही.

आधी झुला का, ते सांगतो. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की कधी कधी झोपही मोडत नाही. खाट एकच, ती आईची. मी खाली वाकळ टाकून झोपायचो. एका श्रावणात उशाशी मण्यार निघाली, तेव्हापासून जमीन सोडली.

पहिली कडी बैलाच्या जुन्या नायलॉन कासऱ्याची होती. पंधराव्या रात्री डोक्याकडचं कडं तुटलं आणि पाठीवर आपटलो. सकाळी पाहिलं, तर सागाच्या तुळईच्या धारेवर घासून दोराचा एकेक पीळ कापला गेला होता.

आता ट्रॅक्टरवर माल बांधायचा पॉलिस्टरचा पट्टा वापरतो. नायलॉन वजनाने ताणतं, हा कमी ताणतो. एका टोकाला सैल साधी गाठ मारायची, दुसरं टोक समोरून त्याच गाठीच्या वाटेने उलटं फिरवायचं. दोन्ही पदर सपाट बसले की ओढून घट्ट करायचं. टोकं चार बोटं तरी बाहेर ठेवा. ही गाठ हळूहळू सरकते, म्हणून रोज झोपण्याआधी मी तिला हात लावतो. तुळईच्या धारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत.

खरा धोका मात्र झुला खाटेसारखा ताणून बांधण्यात आहे. माझं वजन ६५ किलो. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश उतरती असली, तर प्रत्येक कड्यावर ६५ किलोचीच ओढ येते. १० अंशांवर आणली, तर तीच ओढ १८७ किलोच्या आसपास जाते. मोजायला सोपं आहे: दोरी आडवी दोन फूट गेली की चौदा इंच खाली आली पाहिजे. झोळ पडू द्या आणि तिरपे झोपा, पाठ सरळ राहते.

यंदा आईलाही झुला हवा झाला. ‘तुटून जाईन ना बापा?’ तिने विचारलं. रात्रभर त्यात सोयाबीनचे दोन कट्टे ठेवले, सकाळी गाठी तिलाच चाचपायला लावल्या, मगच तिला झोपू दिलं.