आमच्या कोजागिरीचा रुक्मी

कोजागिरीला आमच्या मंडळाचा कार्यक्रम आठची वेळ देऊन साडेनऊला सुरू होतो. दीपप्रज्वलन, हारतुरे, जमाखर्चाचं वाचन, दहावी-बारावीच्या पोरापोरींचे सत्कार, हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. मग भुलाबाईच्या पोरी मंचासमोर फेर धरतात, महिनाभर म्हटलेली गाणी त्या वर्षापुरती शेवटची म्हणतात, डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. आणि मग पडदा सरकतो. ज्यासाठी मी वर्षभर जरीचे तुकडे जमवत असते ते आमचं रुक्मीचं नाटक सुरू होतं.

रुक्मिणीहरणाची गोष्ट आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, म्हणजे भीष्मक राजाचं कुंडिनपूर, आमच्याच तिवसा तालुक्यात. दर आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेलं की म्हातारी माणसं अजून सांगतात, कृष्णानं तिला रथात घेतलं ते इथूनच. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेल्या रुक्मिणी स्वयंवराची पारायणं लग्न जुळत नसलेल्या किती पोरींनी आमच्या माजघरात केली आहेत. पण या सगळ्यात रुक्मी केवढासा? बहिणीला शिशुपालाच्या गळ्यात बांधू पाहणारा आडमुठा भाऊ. कृष्णाच्या मागे धावतो, हरतो, अर्धी मिशी गमावतो, संपला. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना ते खटकलं. पोरगी आपल्या गावची, तर पोरीचा भाऊ परका कसा, असं ते बैठकीत म्हणाले आणि भागवताचा दहावा स्कंध उघडून बसले. ५२ ते ५४ हे तीन अध्याय त्यांनी रुक्मीच्या तोंडून वऱ्हाडीत गायला लावले.

नाटकात बोलणं थोडं, गाणं जास्त. चाली भजनांच्या, भुलाबाईच्या, लग्नातल्या. तुकडोजी महाराजांची मोझरी जवळ, त्यामुळे खंजिरी वाजवणारे हात आमच्याकडे घरोघरी आहेत. रुक्मिणीचं सात श्लोकांचं पत्र पोरी भुलाबाईच्या चालीवर म्हणतात आणि सुदेव ब्राह्मण ते खिशात घालून द्वारकेची एसटी धरतो. शिशुपाल वरातीच्या खर्चाचा हिशेब खंजिरीवर गातो, त्यात बँडवाल्यापासून घोडीच्या चाऱ्यापर्यंत सगळं येतं. आलुवांग्याची भाजी शिजलेली, बुंदी पाडून झालेली, मगधाचा जरासंध पंगतीला बसलेला, आणि नवरी गेल्याची खबर येते. रुक्मी आचाऱ्याला विचारतो, "आता पोया लाटू देऊ का थांबवू?" आचारी टिपेत सुरू होतो, "पाहुना उपाशी गेला तं गावाची इज्जत जाईन, राजे!" इथे लोक इतके हसतात की पुढची ओळ कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून आमचा पेटीवाला ती चाल आणखी एकदा फिरवतो.

मिशीचं काम माझं. मिशी मधोमध कापूनच चिकटवावी लागते, पण समोरून सलग दिसली पाहिजे. उजव्या अर्ध्याला गम दोनदा, डाव्याला नुसता बोटभर. कृष्णाचा लाकडी वस्तरा फिरला की डावी बाजू एका झटक्यात निघते. "काकू, उजवी पक्की लावजा बरं," असं आमचा रुक्मी दरवर्षी सांगतो. हा संत्र्याच्या बागेत राबणारा माणूस, आवाज बसलेला, सूर मात्र कधी हलत नाही. त्याच्यासारखा रुक्मी पंचक्रोशीत नाही, हे मी कुठेही सांगेन.

अर्धी मिशी गेल्यावर खंजिरी थांबते. रुक्मी कृष्णाच्या शेल्यानं बांधलेला असतो, रुक्मिणी त्याच्यासाठी हात जोडून उभी असते. भागवतात इथे बलराम कृष्णालाच रागावतो, सोयऱ्याला असं विद्रूप करणं म्हणजे त्याचा वधच, म्हणतो. आमच्याकडे बलराम तेवढं बोलून बाजूला होतो आणि रुक्मी बहिणीकडे पाहतो.

"मले विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं, हे तुले मालूम होतं. तरी विचाराले पाह्यजे होतं. भाऊ नाही म्हनते, मंग बहीण रडते, मंग भाऊ हो म्हनते. आपल्याकडं असंच होते नं? माह्या वाट्याले ते हो म्हननं आलंच नाही."

बायका पदर डोळ्याला लावतात. पण गुरुजींनी रुक्मीला तेवढ्यावर सोडलेलं नाही, आणि मला नाटक आवडतं ते यासाठीच. रुक्मिणी विचारते, "अन् तू शिशुपालाले हो म्हनतांना मले विचारलं होतं काय?"

रुक्मी गप्प. किती वर्षं झाली, शब्द न् शब्द पाठ आहे, तरी त्या जागी माझ्या हातातली सुई थांबते. परत कुंडिनपुरात पाय न ठेवण्याची शपथ घेतलेला हा माणूस भोजकटला राहतो. पुढे ६१व्या अध्यायात त्याची मुलगी रुक्मवती स्वयंवरात रुक्मिणीच्याच मुलाला, प्रद्युम्नाला वरते, आणि मनातलं वैर तसंच असताना बहिणीला बरं वाटावं म्हणून रुक्मी ते मान्य करतो. मंचावर त्याला त्याआधी एकच वाक्य आहे. तो मुलीजवळ जाऊन विचारतो, "तुले पसंत आहे काय, बाई?" समोर बसलेल्या किती बापांनी त्यानंतर घरी हा प्रश्न विचारला, ते मला माहीत आहे. त्यांच्या पोरींनी येऊन सांगितलं आहे.

म्हणूनच रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की जीव जळतो. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेला माणूस झोपला तर त्याला मी काही म्हणणार नाही. पण सत्कार घेऊन, फोटो काढून, मसाला दूध पिऊन पडदा सरकायच्या आत गाडीत बसणारे दरवर्षी तेच असतात. पुण्या-नागपूरच्या पोरांनी मोबाइलवर तुकडे पाहून "लय भारी" लिहू नये, यावं.

नावं लिहायला बसलं की कोणीतरी सुटतं आणि वर्षभर बोलत नाही, म्हणून कामावरून सांगते. पेटी, तबला आणि सगळे खंजिरीवाले. कृष्णाच्या रथासाठी आपली दमनी आणि बैलजोडी देणारे मामा. मंडप घालणारी पोरं, पडद्याची दोरी ओढणारे दोघं भाऊ, लाइट जाऊ नये म्हणून रात्रभर डीपीपाशी बसणारा लाइनमन. मापं न घेता अंगरखे शिवणारे शिंपीदादा. स्वतःच्या लग्नातला शालू रुक्मिणीला देणाऱ्या वहिनी. पहाटे दूध बाजूला काढून ठेवणारी चार घरं, ते आटवणाऱ्या बचतगटाच्या बाया. भुलाबाईची जुनी गाणी पोरींना शिकवणाऱ्या दोन्ही आजी. शाळेचं कुलूप उघडणारे, सकाळी पत्रावळी उचलणारे, वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन उन्हात फिरलेले. आणि मागे अंधारात बसून सगळ्यांना शब्द पुरवणारी गुरुजींची सून. ती कोणालाच दिसत नाही, म्हणून तिला इथे मुद्दाम लिहिलं.

यंदा रुक्मिणी करणारी पोरगी लग्न होऊन नदीपलीकडे आर्वीकडे गेली. सासरच्यांनी तालमीला पाठवायचं कबूल केलं आहे, आणायला तिचा भाऊ जाईल. तालमी घटस्थापनेपासून, शाळेच्या व्हरांड्यात, रात्री जेवणं झाल्यावर. आचाऱ्याच्या कामाला एक खड्या आवाजाचा माणूस हवा आहे.