खुर्ची उलटी करून बघा: वेताच्या जाळीविषयी थोडे तपशिलात

हल्ली फर्निचरचं कोणतंही प्रदर्शन घ्या. मिलानचं १९६१पासून भरणारं सालोने देल मोबिले असो, दिल्लीचं इंडिया डिझाइन असो की २०२४मध्ये मुंबईच्या बीकेसीत सुरू झालेलं डिझाइन मुंबई असो, वेताची जाळी चुकत नाही. खुर्चीच्या बैठकीला जाळी, कपाटाच्या दाराला जाळी, पलंगाच्या उशाला जाळी, दिव्यालासुद्धा जाळी. लोक समोरून फोटो काढतात आणि पुढच्या स्टॉलवर जातात. खरी माहिती मात्र खुर्चीच्या पोटाखाली असते. स्टॉलवाल्याला विचारून खुर्ची आडवी करा. आढेवेढे घेतले, तर गुडघ्यावर बसून मोबाइलच्या टॉर्चने खालून बघा. लाजायचं कारण नाही, किंमत पाच आकडी असते.

खालून दोनपैकी एक दृश्य दिसतं. चौकटीच्या चारही बाजूंना ओळीने भोकं, त्यांतून वर-खाली गेलेल्या पट्ट्या आणि मध्ये मध्ये गाठी दिसल्या, तर जाळी त्या चौकटीवरच हाताने विणलेली आहे. चौकट खालून कोरी असेल आणि वरच्या बाजूला जाळीच्या कडेने एक अखंड गोलसर पट्टी फिरवलेली असेल, तर ती मशीनवर विणून आलेल्या थानातून कापून खाचेत ठोकलेली तयार जाळी. नक्षी दोन्हींची तीच, अष्टकोनी भोकांची. काम, आयुष्य आणि दुरुस्ती मात्र अगदी वेगळी. तयार जाळी वाईट असते असं मुळीच नाही. ती हातविणीच्या भावात विकणं वाईट.

हातविणीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे चंडीगडची खुर्ची. चंडीगड शहर आखणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ ते १९६५ चंडीगडमध्ये राहिला. कचेऱ्या, विद्यापीठ, वाचनालयं, सरकारी घरं यांसाठी त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी फर्निचर केलं. त्या सहकाऱ्यांत वास्तुकार युली चौधरींचं नाव विसरू नये. साहित्य मुख्यतः दोनच, सागवान आणि वेत. दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखे तिरके जाड पाय, त्यांच्यावर हात आणि चौकटीत विणलेली बैठक व पाठ. पुढे कचेऱ्यांनी या खुर्च्या भंगारात काढल्या, त्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत पोचल्या, आणि २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधन घातलं. आज इटलीची कासिना आणि बेंगळुरूची फँटम हँड्स या कंपन्या त्या धाटणीच्या खुर्च्या नव्याने करतात. नकला तर गल्लोगल्ली. जुनी म्हणून विकायला येणाऱ्या खुर्चीचा वेत बहुतेक वेळा नव्याने विणलेला असतो. त्यात लबाडी नाही, कारण वेत बदलायचाच असतो. त्यामुळे वय लाकडावरून जोखायचं: हातांवरची झीज, पायांच्या तळाचं लाकूड, आणि पाठीमागे रंगाने छापलेली खात्याची अक्षरं. अक्षरं कोणीही छापू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आता विणकामाकडे. वेत बांबूसारखा पोकळ नसतो, आतून भरीव असतो. त्याची चकचकीत साल सोलून, एकसारख्या रुंदीला तासून जी पट्टी मिळते, ती जाळीला वापरतात. भोकांचं अंतर आणि पट्टीची रुंदी यांचं नातं ठरलेलं आहे. भोकं मध्यापासून मध्यापर्यंत अर्ध्या इंचावर असतील, तर पट्टी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. अंतर सहा सूत, म्हणजे पाऊण इंच असेल, तर पट्टी पावणेतीन ते तीन मिलिमीटर. हे नातं बिघडलं की दोनच गोष्टी होतात: जाळी विरळ दिसते आणि लवकर झोळते, किंवा शेवटच्या फेरीला भोकात पट्टी शिरतच नाही आणि विणणारा टोच्याने रेटून ती फाडतो. अर्ध्या इंचाच्या अंतराला भोक दीड सुताचं, म्हणजे पाचेक मिलिमीटरचं लागतं.

विणायच्या आधी पट्टी कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवतात. रात्रभर भिजत ठेवली तर ती काळवंडते. नखावरून ओढून बघितलं की पेराच्या जागी ती एका दिशेने अडकते आणि दुसऱ्या दिशेने सरकते. सरकत्या दिशेनेच ओवायची. मग सात टप्पे. पहिली फेरी मागून पुढे, मधल्या भोकापासून सुरू करून दोन्ही बाजूंना. दुसरी डावी-उजवी, पहिलीवर नुसती ठेवलेली. तिसरी पुन्हा मागून पुढे, पहिल्या दोहोंच्या वरून, पण पहिलीच्या किंचित उजवीकडे. चौथीपासून खरं विणकाम सुरू होतं: डावी-उजवी जाताना तिसरीच्या वरून आणि पहिलीच्या खालून. इथे उभ्या आणि आडव्या पट्ट्यांच्या जोड्या होऊन चौकोन घट्ट धरतात. पाचवी तिरकी, उभ्या जोड्यांखालून आणि आडव्या जोड्यांवरून. सहावी दुसऱ्या कर्णाने, नेमकी उलट: उभ्यांवरून, आडव्यांखालून. सातवी म्हणजे भोकं झाकणारी काठाची रुंद पट्टी.

नवशिक्याची चूक पहिल्याच फेरीत होते. तो पट्टी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणतो. पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला आणखी ताण देते, त्यामुळे सहाव्या फेरीला जागाच उरत नाही. पहिल्या दोन फेऱ्या बोटाने दाबल्या तर थोड्या लवायला हव्यात. दुसरी चूक तिरक्या फेऱ्यांत होते, वर-खालचा क्रम उलटा पडण्याची. क्रम बरोबर असेल, तर तिरकी पट्टी चौकोनाच्या कोपऱ्यात सुळकन बसते आणि मागेपुढे ओढली तरी कुठे घासत नाही. चुकला, तर ती जोड्यांवर करवतीसारखी घासते आणि काही महिन्यांत तिथेच तुटते. प्रदर्शनातल्या खुर्चीवर हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. उगाच नाही, आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या अंध कारागिरांनी विणण्याची इतकी जुनी परंपरा आहे.

माल किती लागतो? बैठक ४५ बाय ४५ सेंटिमीटर आणि भोकं अर्ध्या इंचावर धरा. एका बाजूला साधारण ३४ भोकं. सरळ चार फेऱ्यांना मिळून साठ मीटरच्या वर पट्टी, दोन तिरक्यांना आणखी पंचेचाळीस, शिवाय गाठी, काठ आणि नुकसान. म्हणजे एका बैठकीला १२० मीटरच्या आसपास. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरच्या १९५०च्या विशबोन खुर्चीची कागदी दोराची बैठक विणायलाही जवळपास १२० मीटर दोर लागतो. दोर मात्र तासाभरात विणून होतो, तर वेताला सवयीच्या हातालाही एक-दीड दिवस जातो. हातविणीची खुर्ची स्वस्तात मिळत असेल, तर हा हिशेब मनात ठेवा: कुणाची तरी मजुरी बुडालेली असते, किंवा ती हातविणीची नसते.

भोकांची चौकट करणं हे सुताराचं काम, आणि निम्म्या खुर्च्या इथेच फसतात. एका रेषेत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पाडलेली भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटांमधली छिद्रं. लाकूड मऊ असेल किंवा भोकं आतल्या कडेच्या फार जवळ असतील, तर चौकट तिथेच चिरते. कडेपासून अर्धा इंच अंतर ठेवावं. भोकाची वरची धार आणि चौकटीची आतली कड पॉलिशपेपरने गोल केलेली असावी. वेत बहुतेक वेळा मधोमध तुटत नाही, या कडेवरच कापला जातो. बोट फिरवून पाहा. धार लागली, तर ती खुर्ची दोन वर्षांत विणायला परत जाणार. चौकटीचे कोपरे कुसू (एका लाकडाचं तासलेलं टोक) दुसऱ्याच्या भोकात बसवून सांधलेले असावेत, नुसत्या स्क्रूवर नको, कारण चारही बाजूंची जाळी कोपऱ्यांना सतत आत ओढत असते.

तयार जाळीचं गणित वेगळं. चौकटीला वरच्या बाजूने खाच पाडतात, साधारण पाच मिलिमीटर रुंद आणि तीन सूत खोल. जाळी चारही बाजूंना इंचभर जास्त कापून कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवतात. मग आधी मागच्या बाजूच्या मध्यावर लाकडी पाचर ठोकून ती खाचेत दाबायची, नंतर समोरच्या मध्यावर, मग डावी-उजवी, आणि शेवटी मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकायचं. खाचेबाहेरच्या बाजूला उरलेली जाळी पटाशीने खाचेच्या आत, वरच्या कडेच्या थोडी खाली कापायची. फेविकॉलसारखा पांढरा डिंक घालून त्यावर भिजवलेली वेताची पट्टी लाकडी हातोडीने बसवायची. दोन दिवस त्यावर बसायचं नाही. ओली असताना जाळी जराशी सैल दिसली तरी वाळताना ती आवळते आणि टिचकी मारल्यावर ढोलकीसारखी वाजते.

बिघडतं कुठे? कोरडी जाळी ठोकली की वाकवतानाच तिचे तंतू मोडतात आणि सहा महिन्यांत काठाने ओळीने तुटते. खाच उथळ असेल, तर पट्टी हळूहळू वर येते आणि कपड्याला अडकते. डिंकाच्या जागी एपॉक्सी वापरलं, तर पुढे दुरुस्तीला खाचच फोडावी लागते. विक्रेत्याला विचारायचा सर्वात उपयोगी प्रश्न हाच: डिंक कुठला वापरलाय? उत्तर येईना, तर समजून घ्या.

डिझायनर मार्सेल ब्रॉयरची १९२८ची खुर्ची, जिला पुढे चेस्का नाव पडलं, तिच्यातली हुशारी इथे कळते. वाकवलेल्या स्टीलच्या नळीवर बैठक आणि पाठ या लाकडी चौकटी वेगळ्या, स्क्रूने बसवलेल्या आहेत. वेत गेला की चौकट काढायची, विणून आणायची, परत लावायची. खुर्ची घरातच राहते. आजच्या तरुण डिझायनरांकडून मला एवढीच अपेक्षा आहे, आणि नेमकी तिथेच निराशा होते. जाळी कपाटाच्या दारात अशी चिकटवलेली असते की ती बदलायला दार फोडावं लागेल.

प्रदर्शनांत लांब बाक आणि दिवाण फार दिसतात: दीड मीटर लांब जाळी, मध्ये आधार नाही. फोटोत हलकं, सुंदर. दोन माणसं शेजारी बसली की मध्ये झोळ. दर ५०-६० सेंटिमीटरला आडवी दांडी हवी, आणि ती जाळीला टेकलेली नव्हे, तर तीन-चार सेंटिमीटर खाली किंवा वरून खोलगट तासलेली. टेकलेली दांडी माकडहाडाला लागते आणि जाळी त्या रेषेवर तुटते.

प्लास्टिकचा वेत ओळखायला खालची बाजू बघा. खऱ्या वेताची वरची बाजू चकचकीत आणि खालची खरबरीत, तंतू दिसणारी असते. अधूनमधून पेराची खूण येते आणि रंग पट्टीगणिक किंचित बदलतो. सगळं एकसारखं असेल, तर ते प्लास्टिक. बाल्कनीत पावसाचे शिंतोडे येत असतील, तर तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

खऱ्या वेताला मुंबई-कोकणातला पावसाळा आणि पुण्या-नागपुरातला एप्रिल असे दोन्ही त्रास देतात. दमट हवेत जाळी सैल पडते आणि खालून बुरशी धरते, तर कोरड्या हवेत आणि एसीच्या झोतात ती ठिसूळ होते. म्हणून दोन्ही बाजूंनी जाड पॉलिश मारलेली जाळी घेऊ नये. सालीच्या चकचकीत बाजूवर पॉलिश नीट धरतही नाही, पोपडे निघतात. खालची बाजू मोकळी राहिली, तर वेताला ओल घेता येते आणि उपायही करता येतो. जाळी झोळली, की खुर्ची उलटी करून खालच्या बाजूवर ओलं फडकं वीसेक मिनिटं ठेवायचं आणि रात्रभर सावलीत वाळू द्यायचं. पट्ट्या तुटलेल्या नसतील, तर सकाळी बैठक पुष्कळशी ताठ झालेली असते. उन्हात वाळवायची घाई केली, तर काठाला चिरा पडतात. गुडघा टेकवून किंवा उभं राहून पंखा पुसायला मात्र ही खुर्ची वापरू नका. चार पट्ट्या एकदा तुटल्या की ओल्या फडक्याचा उपयोग नाही. मग जाळी नवी घालायची. तयार जाळी असेल, तर चाकूने खाचेतल्या पट्टीच्या दोन्ही कडा चिरायच्या, खाचेत कोमट व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडायचं, डिंक मऊ व्हायची वाट बघायची आणि अरुंद पटाशीने पट्टी उचकटायची.